माळढोकाच्या मुलखात

[ पाठ-परिचय : पक्षी पाहणे हा छंद आहे, तसाच तो एक अभ्यासही आहे. प्रस्तुत पाठात चार शिक्षकांनी जीपने केलेल्या एका प्रवासाचे वर्णन आहे. हा प्रवास आबूच्या डोंगरापासून जैसलमेरच्या वाळवंटापर्यंतचा आहे. माणसांच्या सवयींवर पक्ष्यांचे जगणे-मरणे कसे अवलंबून असते, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे. ]

नाताळच्या सुट्टीत आम्ही चार शिक्षकांनी राजस्थानात जायचे ठरवले. वर्गात ही गोष्ट कळताच एका मुलाने विचारले, "सर, पक्षी तर आपल्या भिवंडीतही आहेत. त्यांच्यासाठी इतक्या लांब कशाला जायचे?"

प्रश्न चांगला होता. कावळा, चिमणी, घार, साळुंकी हे पक्षी आपल्या दारात असतात. ज्याला ते नीट पाहता येत नाहीत, त्याला लांब जाऊनही काही दिसणार नाही. पण काही पक्षी असे आहेत, की ते आपल्याकडे येऊ शकत नाहीत. कोणी डोंगराच्या एका उतारावरच राहतो, तर कोणी गवताच्या एका माळावरच. त्यांना भेटायचे असेल, तर आपणच त्यांच्या गावी पाहुणे म्हणून जावे लागते.

पक्षी पाहायला फार सामान लागत नाही. आम्ही दोन दुर्बिणी, एक वही, पेन्सिल आणि पक्ष्यांच्या चित्रांचे एक पुस्तक घेतले. 'दुर्बीण' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. दूरचे पाहणारी ती दूरबीन! 'बुलबुल' आणि 'मैना' हे शब्दही उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. पक्ष्यांप्रमाणे शब्दही एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातात आणि तेथे घर करतात.

सामान थोडे असले, तरी नियम मात्र पाळावे लागतात. भडक कपडे घालू नयेत. मोठ्याने बोलू नये. घरट्याजवळ जाऊ नये. फोटोसाठी पक्ष्याला उडवू नये. पाहुण्याने यजमानाला त्रास द्यायचा नसतो.

आमच्याजवळचे पुस्तक डॉ. सालिम अली यांचे होते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील वारले, म्हणून मामांनी त्यांना वाढवले. दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणत्या जातीची, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिवांनी त्यांना पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून पक्षी हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. डोंगर, जंगल, दलदल, वाळवंट अशा सर्व ठिकाणी फिरून त्यांनी देशातील पक्ष्यांची नोंद केली. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. एका मुलाने विचारलेल्या एका प्रश्नातून एवढे मोठे काम उभे राहिले!

भिवंडीहून आम्ही पहाटे निघालो. वापी, सुरत, बडोदे मागे टाकून रात्री अहमदाबादला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पालनपूर ओलांडले आणि समोर अरवली पर्वताची रांग दिसू लागली. अरवली हा जगातील अतिशय जुन्या पर्वतांपैकी एक आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांनी तो झिजला आहे. तरीही आबूजवळचे गुरुशिखर १७२२ मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येते.

वळणावळणाच्या घाटाने जीप वर चढू लागली, तशी झाडी दाट होत गेली. राजस्थानात इतकी हिरवळ कशी, असा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर भूगोलात आहे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे अरवलीच्या रांगेला समांतर वाहतात. त्यामुळे ते अडत नाहीत आणि राजस्थानच्या बऱ्याच भागात पाऊस कमी पडतो. आबूचा डोंगर मात्र एकदम उंच उभा आहे. तो ढगांना अडवतो. आबूला वर्षाला सुमारे दीडशे सेंटीमीटर पाऊस पडतो, तर जैसलमेरला वीस सेंटीमीटरच्या आसपासच पडतो. पावसातला हा फरक पक्ष्यांतही दिसतो.

आबूला सकाळी पहिल्यांदा भेटला तो शिपाई बुलबुल. डोक्यावर काळा तुरा, गालावर लाल ठिपका आणि ऐटबाज चाल! आपल्या सह्याद्रीच्या रानात तो सर्वत्र आढळतो. झाडीतून राखी रानकोंबड्याची बांगही ऐकू आली. हे दोघे दक्षिणेकडचे आपले शेजारीच. इतक्या दूर ते भेटल्यावर परगावी नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

परंतु आम्हांला पाहायची होती ती हिरवी मुनिया. गुरुशिखराच्या वाटेवर शेताच्या बांधाला घाणेरीची झुडपे होती. तेथे आम्ही तासभर गप्प बसलो. मग झुडपातून बारीक चिवचिव आली आणि दहा-बारा मुनियांचा थवा जमिनीवर उतरला. पाठ हिरवी, पोट पिवळे, चोच लाल आणि कुशीवर काळे-पांढरे पट्टे. लांबी जेमतेम आपल्या बोटाएवढी! हा पक्षी भारताबाहेर कोठेही रानात राहत नाही. भारतातही तो थोड्याच ठिकाणी आढळतो. आबू हे त्याचे एक महत्त्वाचे घर आहे.

या मुनियेचे सौंदर्यच तिचे शत्रू झाले. पिंजऱ्यात ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे फासेपारध्यांकडून व दलालांकडून हजारो मुनिया पकडल्या गेल्या. कित्येक वाटेतच मेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता आपल्या देशातील रानपक्षी पकडणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. तरीही कोठे कोठे पोपट आणि मुनिया चोरून विकल्या जातात. विकणारा दोषी आहेच. पण विकत घेणारा नसता, तर त्याने जाळे लावले असते का?

आबूहून उतरून आम्ही जोधपूरकडे निघालो. हिरवा रंग हळूहळू मागे राहिला. डोंगर ठेंगणे झाले आणि मातीचा रंग पिवळसर झाला. वाटेत खेजडीची झाडे दिसू लागली. आपण या झाडाला शमी म्हणतो. याच्या शेंगा माणसे खातात, पाला उंट आणि शेळ्या खातात, आणि याच्या सावलीत पीकही चांगले येते. जोधपूरजवळ खेजडली नावाचे गाव आहे. १७३० साली तेथे राजाची माणसे खेजडीची झाडे तोडायला आली. गावातील बिश्नोई लोकांचा झाडे तोडायला विरोध होता. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडाला मिठी मारली आणि प्राण दिले. तिच्यामागून एकूण ३६३ माणसांनी बलिदान केले. आजही बिश्नोई गावांच्या आसपास मोर, चिंकारा आणि काळवीट निर्भयपणे फिरतात. मारवाडच्या रखरखीत मुलखात पशुपक्ष्यांना असा आधार मिळाला आहे.

याचा दुसरा दाखला आम्हांला फलोदीजवळच्या खीचन गावात मिळाला. पहाटेची वेळ होती. थंडीने बोटे आखडली होती. आम्ही एका घराच्या गच्चीवर उभे होतो. समोर कुंपण घातलेले मोठे अंगण होते. त्याला तेथे 'चुग्गाघर' म्हणतात. सूर्य वर आला आणि आकाशातून 'कुर्र, कुर्र' असा आवाज येऊ लागला. बघता बघता आकाश करकरा पक्ष्यांच्या रांगांनी भरून गेले. करड्या रंगाचा, लांब पायांचा, काळ्या मानेचा हा पक्षी आहे. डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुपका असतो. गावकरी त्याला 'कुरजां' म्हणतात. थव्यामागून थवे खाली उतरले आणि दाणे टिपू लागले. माणसांच्या वस्तीला लागून हजारो पक्षी, पण कोणी दगड मारत नव्हते, कोणी जाळे लावत नव्हते.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. आम्ही विचारले, "बाबा, एवढे धान्य कोण देते?"

ते म्हणाले, "सगळे गाव देते, मास्टरजी. ज्याला जमेल तसे तो देतो. हे पाहुणे फार लांबून येतात. त्यांना उपाशी कसे ठेवायचे?"

बाबांचे बोलणे खरे होते. हे पक्षी मंगोलिया आणि मध्य आशियाच्या मैदानांतून येतात. त्यांतले बरेच थवे हिमालयाची उंच शिखरे ओलांडतात. सप्टेंबरच्या सुमारास ते येथे पोहोचतात आणि मार्चपर्यंत राहतात. धान्य देण्याची ही रीत खीचनच्या लोकांनी अनेक वर्षे सांभाळली आहे. २०२५ साली खीचनला 'रामसर' पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. त्या यादीत खीचनचे नाव जाण्याआधीच गावाने आपले काम सुरू केले होते.

खीचनहून जैसलमेर आणि तेथून पुढे राष्ट्रीय मरुउद्यान. त्याचे क्षेत्रफळ ३१६२ चौरस किलोमीटर आहे. वाळवंट म्हणजे सगळीकडे वाळूच्या टेकड्या, अशी आपली समजूत असते. येथे आल्यावर ती दूर झाली. टेकड्या सगळीकडे नाहीत. बाकी भागात खडकाळ जमीन, रुई व केराची झुडपे आणि सेवण नावाचे उंच गवत आहे. हे गवत वाळूला धरून ठेवते. त्यात टोळ, पाली आणि उंदीर राहतात. त्यांच्यावर पक्षी जगतात.

एका डबक्यापाशी आम्हांला पखुर्ड्यांचे थवे दिसले. उर्दूत यांना 'भट तीतर' म्हणतात. हे पक्षी ठरावीक वेळी दुरून पाण्यावर येतात, घाईघाईने पाणी पितात आणि उडून जातात. पिल्ले लहान असताना नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवतो आणि ते पाणी पिल्लांपर्यंत नेतो. पिल्ले ती ओली पिसे चोखतात. पाण्याची खरी किंमत वाळवंटातच कळते!

पुढे एका मेलेल्या उंटाजवळ गिधाडे बसली होती. गिधाडाला पाहून आपण तोंड फिरवतो. पण ते रानाचे सफाई कामगार आहेत. १९९० नंतरच्या काळात भारतातील गिधाडे झपाट्याने मेली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही उरले नाही, असे म्हणण्याची वेळ आली. कारण बराच काळ कळत नव्हते. २००४ साली शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध देत असत. असे जनावर मेल्यावर गिधाडे ते खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. औषध देणाऱ्याला गिधाड मारायचे नव्हते. तो आपल्या गाईचे दुखणे कमी करत होता. न कळत केलेल्या गोष्टीनेही केवढा अनर्थ होतो, हे यावरून दिसते.

आता एकच भेट उरली होती. ती माळढोकाची. सकाळी आम्ही सुदासरी येथील चौकीवर पोहोचलो. वनरक्षक म्हणाले, "मास्टरजी, गाडीतून उतरू नका. बोलू नका. दिसला तर नशीब."

दोन तास गेले. डोळे दुखू लागले. एवढ्यात गवताच्या पलीकडे काहीतरी हलले. दुर्बिणीत पाहिले, तर एक उंच पक्षी शांतपणे चालत होता. पांढरी लांब मान, डोक्यावर काळी टोपी आणि तपकिरी पाठ. उंची सुमारे एक मीटर. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात फार थोडे आहेत. तो दोन पावले टाकी, थांबे आणि मान उंच करून चारी दिशांना पाही. आमच्यापैकी कोणीही एक शब्द बोलले नाही.

मराठीत याला 'माळढोक' म्हणतात, कारण तो माळावर राहतो. राजस्थानात तो 'गोडावण' आहे. उर्दूत त्याला 'तुगदार' म्हणतात. नावे पुष्कळ आहेत, पक्षी मात्र थोडे उरले आहेत. सगळ्या भारतात मिळून दीडशेच्या आसपास! त्यातले बहुतेक याच वाळवंटात आहेत. १९६३ साली मोर हा राष्ट्रीय पक्षी ठरला. त्या वेळी डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते, असे सांगतात.

माळढोक इतके कमी का झाले? पूर्वी त्यांची शिकार झाली. नंतर माळ नांगरले गेले. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कुत्रे आणि कोल्हे ते खातात. त्यात आता एक नवे संकट आले आहे. वनरक्षकांनी बोटाने क्षितिज दाखवले. तेथे पवनचक्क्या आणि विजेच्या तारा दिसत होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला समोरची बारीक तार लवकर दिसत नाही. अंग जड असल्याने तो ऐन वेळी वळू शकत नाही. तारेला धडकतो आणि मरतो.

वीज आपल्याला हवी आहे. वारा आणि ऊन यांपासून होणारी वीज धूर करत नाही, म्हणून ती चांगलीही आहे. मग करायचे काय? १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. हे काम कठीण आणि खर्चाचे आहे, असे सरकारने सांगितले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. तारा पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून काही ठिकाणी त्यांवर चकत्या टांगल्या आहेत. २०१९ पासून जैसलमेरजवळच्या केंद्रात माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. २०२४ साली कृत्रिम गर्भधारणेतून पहिले पिल्लूही जन्मले. पण ही पिल्ले मोठी झाल्यावर सोडायची कोठे? त्यासाठी माळ शिल्लक राहिला पाहिजे.

हा प्रश्न केवळ राजस्थानचा नाही. माळढोकासाठी महाराष्ट्रातही सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. पूर्वी तेथे माळढोकांचे थवे दिसत. आज एखादा दिसला, तरी ती बातमी होते. झाड तोडले की लोक हळहळतात. माळ नांगरला की कोणालाच वाईट वाटत नाही. कागदोपत्री त्याला 'पडीक जमीन' म्हणतात. ज्या जमिनीवर टोळ, ससा, खोकड, चंडोल आणि माळढोक जगतात, ती जमीन पडीक कशी?

खीचनच्या लोकांनी कोणतेही मोठे पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी पाहुण्यांना दाणे दिले. खेजडलीच्या लोकांनी झाडांना मिठी मारली. आपणही आपल्या जागी काही करू शकतो. पिंजऱ्यातला रानपक्षी विकत घेऊ नये. उन्हाळ्यात गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवावे. पतंगाचा मांजा झाडावर लटकत ठेवू नये. आणि आपल्या गल्लीतील पक्ष्यांची नावे शिकावीत. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, तो नाहीसा झाला तर आपल्याला कळते.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
यजमान – पाहुण्याचे स्वागत करणारा
समांतर – सारख्या अंतरावरून बरोबरीने जाणारे
थवा – पक्ष्यांचा समूह
दाखला – उदाहरण
बलिदान – चांगल्या कामासाठी प्राण देणे
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी (जागा)
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे
निकामी – काम न करणारे
अनर्थ – मोठे नुकसान
क्षितिज – आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा
माळ – झाडे कमी व गवत जास्त असलेली मोकळी जमीन

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डॉ. सालिम अली यांचा जन्म कोठे झाला?
(२) खीचनच्या लोकांनी करकरा पक्ष्याला कोणते नाव दिले आहे?
(३) पखुर्डीचा नर पिल्लांना पाणी कसे पाजतो?

प्र. २. कारणे लिहा.
(१) आबूला पाऊस जास्त पडतो.
(२) गिधाडांची संख्या एकदम कमी झाली.
(३) माळढोक विजेच्या तारांना धडकतो.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) हिरव्या मुनियेचे सौंदर्य तिचे शत्रू झाले, असे लेखक का म्हणतो?
(२) माळाला 'पडीक जमीन' म्हणणे लेखकाला का पटत नाही?

प्र. ४. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधून लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. वचन बदला.
थवा, झाड, चिमणी, पिल्लू, तार

उपक्रम : आठवडाभर रोज सकाळी पंधरा मिनिटे आपल्या घराजवळचे पक्षी पाहा. तारीख, वेळ, पक्ष्याचे मराठी नाव व उर्दू नाव वहीत लिहा आणि ती नोंद वर्गात वाचून दाखवा.